मोठी माणसं खेळण्यातल्या आगगाड्या बघायला तिकीट काढून का जातात?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला पुण्यातलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम दाखवावं का? तिथे मोठ्यांना बघण्यासारखं काय असतं? आणि या छंदापायी काही माणसं घरातली अख्खी खोली का अडवून बसतात? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : न्या, नक्की न्या. उरलेल्या दोन प्रश्नांना थोडं लांबून यावं लागेल, कारण माझ्याही घरात एक खोली अडलेली आहे आणि त्यावरून माझी बोलणीही खाऊन झालेली आहेत.

माझं लहानपण कर्जतचं. वडील रेल्वेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबायच्या, डेक्कन क्वीनसुद्धा. नवख्या प्रवाशाला वाटायचं, गाडी वड्यासाठी थांबते. ती थांबायची मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावायला. पुढे बोरघाट, १८६३ साली सुरू झालेला, चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एकट्या इंजिनाला हे झेपत नाही, म्हणून मागून आणखी दोन-तीन इंजिनं गाडी ढकलत घाट चढवतात. मी फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. बँकर अगदी सावकाश, मांजरासारखा यायचा, शेवटच्या डब्याला टेकायचा. एक हलका धक्का डब्याडब्यांतून पुढे सरकत जायचा. खाली उतरलेला माणूस जोडणी बघून हात वर करायचा. पुढच्या इंजिनाची शिट्टी, मागच्याचं उत्तर, की निघाली. फलाटावरची शंभरातली नव्व्याण्णव माणसं तोवर वड्याचा कागद सोडत असायची.

या छंदाचं मर्म मला विचाराल तर तिथे आहे. गाडी गोल फिरते यात काही नाही. ती कुठून आली, कुठे चालली आणि तिला तिथे पोचवायला कोण काय करतं, हे बघण्यात सगळी गंमत आहे.

आता पुण्याचं. कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर हे म्युझियम आहे, भाऊ जोशी यांनी उभं केलेलं. लहानपणापासूनचा छंद त्यांनी सोडला नाही. १९८२ साली गोपाळ हायस्कुलात त्यांनी हलवता येण्याजोगा लेआउट, म्हणजे रूळ, गाड्या, घरं यांची मांडणी, लावून दाखवला होता, आणि १९९८ साली कायमचं म्युझियम सुरू झालं. जागा मोठी नाही. बाहेरून बघितलंत तर आत एवढं शहर बसलं असेल असं वाटणार नाही. आत एकच मोठी मांडणी आहे. वाफेच्या इंजिनाची गाडी, वेगवान जर्मन गाडी, डोंगरावर चढणारी दात्यांची रेल्वे, वरच्या रुळाला लटकून जाणारी गाडी, शिवाय सर्कशीचा तंबू, उघड्यावरचं सिनेमागृह, रस्त्यावरची रहदारी. शो सुरू असताना दिवे मंद होत जातात, रात्र होते, आणि घराघरांत, रस्त्यांवर, डब्यांच्या खिडक्यांत उजेड दिसायला लागतो. त्या क्षणी खोलीतल्या लहान मुलांचा आवाज अचानक थांबतो. मी चार-पाच वेळा गेलोय, दर वेळी थांबला.

गाव मात्र आपलं नाही, युरोपातलं आहे. याबद्दल काही जण नाक मुरडतात. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की एखादी लाल-पिवळी लोकल हवी होती. पण त्याला एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक मॉडेल्स एचओ मापात मिळतात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शात. त्यांच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, कारण युरोप-अमेरिकेतल्या खऱ्या रुळांतलं अंतर १,४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १,६७६ चा. त्याला ८७ ने भागलं की १९ च्या वर जातं, आणि तसे तयार रूळ दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे जो कोणी भारतीय इंजिन बनवतो तो एक तर ते अरुंद रुळांवर उभं करतो किंवा रूळ हाताने ठोकतो. पहिला पर्याय मी निवडला. जाणकाराला इंजिन जरा बारीक पायांचं दिसतं, बाकी कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं एक ठिकाण सांगतो, कारण तुमच्या 'मोठ्यांना काय' या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. धाकटा भाऊ सॅन डिएगोला असतो. तिथल्या बाल्बोआ पार्कमध्ये १९८२ पासून मॉडेल रेल्वेचं म्युझियम आहे. भावाने मला तिथे सोडलं आणि तासाभराने घ्यायला येतो म्हणाला. तो आला तेव्हा मी त्याला परत पाठवला.

त्या म्युझियममध्ये एका क्लबच्या लोकांनी कॅलिफोर्नियातला तेहाचापी घाट उभारलाय. बेकर्सफील्डहून मोहावीकडे जाणाऱ्या लाइनवरचा हा घाट. तिथे १८७६ साली पूर्ण झालेलं एक वेटोळं आहे : रूळ टेकडीभोवती गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जातो आणि तेवढ्यात गाडी २३ मीटर उंची कमावते. मालगाडी पुरेशी लांब असली तर इंजिन वर आणि शेपूट त्याच्याच खालच्या बोगद्यात, असं दिसतं. आपल्याकडे खंडाळ्याला याच अडचणीवर वेगळा तोडगा होता, रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिथे थांबायची, तोंड फिरवून उलट्या दिशेने उरलेला घाट चढायची. १९२९ पर्यंत तसं चाललं. एकच डोंगरी चढ, दोन डोकी, दोन उत्तरं.

ठरलेल्या दिवशी क्लबचे सभासद जमतात आणि १९५० च्या दशकातलं वेळापत्रक लावून गाड्या चालवतात. एक जण डिस्पॅचर होतो, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारा, बाकीचे चालक. मालगाडीला समोरच्या गाडीसाठी बाजूच्या लाइनीत उभं राहावं लागतं आणि चालवणारा म्हातारा खरोखर पंधरा मिनिटं हातात कंट्रोलर धरून नुसता उभा राहतो. काहीच होत नाही. मी कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत होतो. मग समोरची गाडी गेली, सिग्नल पडला, आणि मालगाडी हलली. तिला मागून ढकलायला मदतीची इंजिनं जोडलेली होती. त्यांना तिकडे हेल्पर म्हणतात. माझ्यासाठी तो कर्जतचा बँकरच. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, पण भावाला अजून एक तास थांब म्हणालो एवढं खरं.

आता हॅम्बुर्ग, कारण कुणी तरी खाली लिहीलच की 'मिनिआटूर वुंडरलांड विसरलात'. विसरलो नाही. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली तिथल्या जुन्या गोदामांच्या भागात हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन सुरू केलं. एका भावाला झ्युरिकमध्ये मॉडेल रेल्वेचं दुकान दिसलं आणि डोक्यात किडा शिरला, अशी त्याची सुरुवात. आज हजाराहून जास्त गाड्या, दर पंधरा मिनिटांनी एक दिवस-रात्र, २०११ पासून विमानतळ, ज्यावर विमानं धावपट्टीवरून खरोखर उचलली जातात. स्वित्झर्लंडच्या भागात एक बटण दाबलं की चॉकलेटच्या कारखान्यातून छोटी चॉकलेटची वडी बाहेर येते, आणि साठीतली माणसं त्यासाठी रांग लावतात. मीही लावली. थक्क व्हायला होतं, पण दोन तासांनी डोळे दमतात. लग्नाच्या जेवणात सतरा पदार्थ असले की होतं तसं. माझा सल्ला, तिथे एकच कोपरा धरा. मी एका स्टेशनासमोर अर्धा तास काढला तेव्हा कुठे दिसलं की फलाटावर दोन सेंटीमीटरही उंची नसलेला एक माणूस गाडी चुकल्यासारखा बॅग टाकून उभा आहे. तो कुणी तरी बसून ठरवून तिथे चिकटवलाय.

हॅम्बुर्गलाच एका दुकानाच्या काचेत मला आमचा खेकडा दिसला. हे समजावून सांगायला हवं. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या ब्रिटिश काळातल्या पूर्वजाने, १९२८ च्या सुमाराला घाटातल्या मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आणली, पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणायला लागले. मध्ये केबिन, पुढे-मागे लांब नाकं, आणि वळणावर ती नाकं आधी वळायची. नुसतं उभं असलं तरी कण्हल्यासारखा आवाज करायचं. रेल्वेतली माणसं त्याला खेकडा म्हणायची. मी लहान असताना ही इंजिनं म्हातारी होऊन व्हीटीला शंटिंग करायची, म्हणजे डबे इकडचे तिकडे हलवायची. तर या खेकड्याची मोठी भावंडं स्वित्झर्लंडची, गोटहार्ड घाटातली. तिकडचे लोक त्यांना मगर म्हणतात. मार्कलिन या जर्मन कंपनीची १९४७ पासूनची एचओ मापातली मगर ही या छंदातली सगळ्यांत ओळखीची मॉडेल्स मोजली तर त्यांत येतेच येते. काचेवरची किंमत वाचून मी पुढे चालू लागलो. खरा खेकडा बघायचा असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही आहे. मुलाला तिथे नेलंत तर नाक कुठे जोडलंय ते वाकून दाखवा.

आता खोली अडवण्याबद्दल. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. ८७ ने भागलं तरी सव्वातीनशे मीटर होतात. माझी खोली अकरा फुटांची. अठरा डब्यांची गाडीच साडेचार मीटर होते, म्हणजे खोलीबाहेर जाते. वळणाचं तर विचारूच नका : ब्रॉडगेजवरचं सगळ्यांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं धरलं तर मापात ते दोन मीटरचं होतं, आणि माझ्या टेबलावर अर्ध्या मीटरचंही जेमतेम बसतं. खरी गाडी असल्या वळणावर उभीच राहणार नाही. मग काय करायचं? सोडायचं. पाच डबे, एक बोगदा, एक पूल, घाटातल्या मंकी हिलचा एक तुकडा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना माणूस खऱ्या घाटाकडे जसं बघतो तसं त्याने आधी कधी बघितलेलं नसतं. कातळाचा रंग काळा नाही, ओल्या पावसात जांभळट दिसतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि मी जन्मापासून तिथून येजा करतोय.

बँकर चालवायचा म्हणून मी पहिल्यांदा साध्या पद्धतीच्या विजेवर दोन इंजिनं एकाच गाडीला लावली. रुळात बारा व्होल्टपर्यंत वीज, ती कमी-जास्त केली की वेग कमी-जास्त. पण दोन्ही इंजिनांना वीज तेवढीच मिळते आणि मोटारी काही सारख्या नसतात. माझा बँकर पुढच्या इंजिनापेक्षा जरासा तेज निघाला. सपाटीवर ठीक. वळणावर मागचा ढकलतोय, पुढचा ओढत नाहीये, मधला रिकामा डबा हलका. तो आतल्या अंगाने उचलला गेला आणि चार डबे घेऊन टेबलाखाली. मग डिजिटल पद्धत घेतली. तिच्यात प्रत्येक इंजिनात चिप असते, प्रत्येकाला स्वतःचा नंबर, ज्याला सांगाल तोच ऐकतो. तरी दोघांचे वेग जुळवायला तीन रविवार गेले. पुढच्याला किंचित तेज ठेवायचं आणि रिकाम्या डब्यांत वजन घालायचं. मी सायकलच्या छर्‍यांची गोळी करून चिकटवली. पहिल्यांदा गाडी न पडता वर गेली तेव्हा घरात कुणीच नव्हतं, दुधाची पिशवी द्यायला आलेल्या मुलाला आत बोलावून दाखवली.

फजिती पण सांगतो. माती दाखवायला चहाचा वाळवलेला चोथा उत्तम, हे मी कुठे तरी वाचलं आणि महिनाभर घरात चोथा टाकू दिला नाही. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून तो डोंगरावर बसवला. साबण यासाठी की पाणी थेंब धरून न बसता आत जिरतं. दिसायला झकास. जुलैत पुण्याच्या पावसाने त्यावर पांढरी बुरशी आणली. आमच्या घाटात बर्फ पडला, असं बायको पाहुण्यांना सांगायची. आता चोथा आधी तव्यावर खडखडीत भाजतो. बाकी या छंदाचा निम्मा वेळ रूळ पुसण्यातच जातो. धूळ बसली की चाकाला वीज मिळत नाही आणि इंजिन उचक्या देत थांबतं.

हा पोरखेळ आहे का, असंही तुम्ही आडून विचारलंय. असेलही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. टेबलाखालची तारांची आणि रिलेंची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची, गुंतागुंत सांभाळणाऱ्या तिथल्या पोरांनीच पुढे 'हॅक' हा शब्द संगणकाच्या जगात नेला. वरती गाडी, खाली जाळं. काहींना वरचं आवडतं, काहींना खालचं. तुमचा मुलगा कुठल्या जातीचा आहे ते पहिल्याच भेटीत कळेल. वाकून टेबलाखाली बघायला लागला तर खर्चाची तयारी ठेवा.

कोथरूडला जाण्याआधी फोन करून शोची वेळ विचारा. शो चालू असतानाच मजा आहे, नुसत्या उभ्या गाड्या बघण्यात अर्थ नाही. शोमध्ये मुलाला सगळं दाखवत बसू नका, एकच गाडी निवडायला सांगा आणि ती बोगद्यात गेली की कुठून बाहेर येईल ते त्याला आधी सांगू द्या. आणि जमलं तर महिनाभरात एकदा दोघं कर्जतला उतरा. काही गाड्यांना आता दोन्ही टोकांना इंजिन असतं, त्यांना बँकर लागत नाही. पण बाकीच्यांना अजून लागतो. मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. वडा आधीच घेऊन ठेवा.