चरणाऱ्या गायींना शेवाळ घालावं का?

प्रश्न : आमच्या पाच गायी नि दोन म्हशी, दिवसभर डोंगरावर चरतात, संध्याकाळी धारेच्या वेळेला थोडी सरकी पेंड, बस्स. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आलाय की समुद्री शेवाळ खायला घातलं की गायीचा मिथेन 80 टक्के कमी होतो आणि दूधही वाढतं. खरंय का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : 80 टक्के हा आकडा खरा आहे, पण तो कॅलिफोर्नियात बांधून सांभाळलेल्या गोऱ्ह्यांचा, ज्यांच्या प्रत्येक घासात अ‍ॅस्पॅरागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ मिसळलेलं होतं. मिथेन कोटीपोटात (गायीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) तयार होतो, तिथे चारा आंबताना हायड्रोजन सुटतो आणि आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात, मग तो ढेकरेतून बाहेर (मागून जातो हा लोकांचा गैरसमज, तो वाटा अगदी कमी). शेवाळातला ब्रोमोफॉर्म हा रासायनिक घटक या जंतूंना अडवतो, पण त्यासाठी तो सतत पोटात पोचायला हवा आणि चरणाऱ्या जनावराच्या बाबतीत गाडी अडते ती इथेच, कारण गवतात मिसळणार कोण? अमेरिकेत मोंटानात कुरणावरच्या 24 गोऱ्ह्यांना शेवाळाच्या गोळ्या ठेवून बघितल्या, 2024 च्या शेवटी निकाल छापून आला, घट साधारण 38 टक्के. चरणाऱ्या जनावरासाठी हेही भारीच म्हणायचं.

पण कोकणातून शेवाळ आणून घालू नका हां! वाटेल ते शेवाळ चालत नाही, आणि ब्रोमोफॉर्म जास्त झाला तर जनावर खाणंच कमी करतं.

आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन हा तुरट घटक असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य केलंय, मिथेन 17 ते 20 टक्के कमी होतो असं संस्था सांगते. ते तुमच्या संध्याकाळच्या पेंडीत मिसळता येईल, फक्त तीन महिन्यांच्या आतल्या वासराला नको, त्याचं कोटीपोट तयार नसतं. मिळतं का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पण दूध वाढेल म्हणून असल्या गोष्टींवर पैसे घालू नका, त्याची खात्री नाही. दुधासाठी आधी मिनरल मिक्श्चर आणि हिरवा-सुका चारा नीट जुळवा, दूध वाढलं की दर लिटरमागे मिथेनही आपोआप कमी पडतो, आणि तुमच्यासारख्याला हाच सौदा परवडणारा आहे असं माझं स्पष्ट मत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये अशा औषधामुळे लोकांनी दूध सिंकमध्ये ओतलं म्हणे, मग ते पिणं सेफ आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते बोव्हेअर, म्हणजे मिथेन कमी करायला गायीच्या खाद्यात मिसळायची पावडर, 2024 च्या शेवटी तिकडे सोशल मीडियावर गदारोळ झाला खरा. गायीला दिवसाला पाव चमचा लागतो, ते पोटातच विघटित होतं. युरोपियन युनियननं 2022 मध्ये दुभत्या गायींसाठी परवानगी दिलीय, ब्रिटनच्या अन्न विभागानंही ते दूध सुरक्षित असल्याचं सांगितलं. बिल गेट्सचं नाव त्यात उगाच ओढलं गेलं, त्यांचे पैसे दुसऱ्याच कंपनीत आहेत.