एकाच कॅलसमधून कधी मुळं, कधी कोंब: पेशीला कसं कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे की टिश्यू कल्चरच्या (म्हणजे वनस्पतीचा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवण्याच्या) प्रयोगात बाटलीतल्या सगळ्या पेशींचा डीएनए एकच, मग काहींची मुळं आणि काहींचे कोंब का होतात? मुंबईत एम.एस्सी. करताना याच प्रश्नाने मला झपाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानाचा किंवा खोडाचा तुकडा पोषक माध्यमावर ठेवला की काही पेशी जुनं काम सोडून पुन्हा विभागायला लागतात. त्यातून जो ओबडधोबड गोळा वाढतो, तो कॅलस. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या खोडाचा गाभा वाढवून दाखवलं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या वनस्पतींच्या दोन संप्रेरकांपैकी ऑक्सिन जास्त असेल तर मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब, आणि दोन्ही तोलात असतील तर नुसता कॅलस वाढत राहतो. म्हणजे प्रश्न दोघांच्या प्रमाणाचा आहे.

पण कॅलस म्हणजे कोरी पाटी, असं आम्हाला शिकवलं होतं, ते मात्र अर्धंच खरं. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावर २०१० मध्ये झालेल्या कामात दिसलं की पाकळीपासून केलेल्या कॅलसमध्येसुद्धा मुळाच्या अंकुरासारखी जनुकं चालू असतात. तो कॅलस सायटोकायनिन जास्त असलेल्या माध्यमावर नेला की काही ठरावीक जागी वुशेल नावाचं जनुक चालू होतं आणि तिथेच कोंबाचं टोक घडतं. शेजारच्या पेशी तशाच राहतात. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं: संप्रेरक साऱ्या बाटलीत सारखं असूनही पेशीचं नशीब ती कुठे बसली आहे आणि शेजारी कोण आहे यावरही ठरतं.

माझा प्रयोग गाजरावर होता. दादरच्या मंडईतलं गाजर, माध्यमात २,४-डी हे कृत्रिम ऑक्सिन. कॅलस भरपूर आला, पण प्रत्येक सबकल्चरला (कॅलस ताज्या माध्यमावर हलवताना) मी २,४-डी घालतच राहिले आणि पुढे काहीच होईना. त्यात जुलैच्या दमट हवेत कितीतरी बाटल्या बुरशीने गेल्या. शेवटी सरांच्या सांगण्यावरून उरलेला कॅलस २,४-डी नसलेल्या माध्यमावर टाकला. काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आधी गोल, मग हृदयाच्या आकाराचे, मग लांबट भ्रूण दिसले. बीजात दिसतात तेच टप्पे, पण इथे ना फूल ना परागण! त्या दिवशी मी लॅबमधल्या प्रत्येकाला बोलावून ते दाखवलं.

तुमचाही कॅलस नुसताच फुगत असेल तर आधी ऑक्सिन कमी करून पाहा, आणि फार जुना झाला असेल तर नवा तुकडा लावा. वारंवार सबकल्चर केलेल्या कॅलसची अवयव घडवण्याची क्षमता बऱ्याचदा कमी होत जाते.