पहिलं पिस्तूल, खिसा बघून

नेमबाजी आणि हत्यार-परवाना या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. बहुतेकांचं दुखणं एकच आहे: पैसे मोजके, तर पहिलं काय घ्यावं?

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर १० मीटरचा सराव करते. आता स्वतःचं घ्या, असं कोच म्हणतात. सगळं मिळून ९० हजारांच्या वर जाता येणार नाही. नवं घ्यावं की जुनं? — एक पालक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी कायद्याचं. ४.५ मि.मी. म्हणजे .१७७ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराचं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल ६ ज्यूलच्या आसपास असतं, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. खरेदी पालकांच्या नावे करा आणि पावतीची झेरॉक्स पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. बसमध्ये कुणी पेटी उघडायला लावली तर तीच कामाला येते.

आता पैशांचं. जवळचे ९० हजार सगळे पिस्तुलावर घातले, तर दुसऱ्या महिन्यात छर्ऱ्यांना पैसे उरत नाहीत, आणि पेटीतलं पिस्तूल चांगलं असून मुलीचा सराव मात्र बंद पडतो. पिस्तुलाला साठ-पासष्ट हजार, बाकी ग्रिप, छर्रे, हवा भरण्याची सोय आणि पेटी, अशी वाटणी करा. नवं स्पर्धेचं पीसीपी पिस्तूल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवायचं, लाखाच्या पुढे जातं. तेव्हा तुमच्यासाठी जुनं, पण स्पर्धेचंच. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, हॅमर्ली, पार्दिनी यांपैकी कुठलंही चालेल. नावावरून भांडत बसण्यात अर्थ नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलीचे गुण नळी कुणाची आहे यावर अडत नाहीत. त्या किमतीत नीट मिळालं नाही तर तीन-चार महिने क्लबच्याच पिस्तुलावर काढा. घाईने स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल मात्र घेऊ नका. त्यात छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टनचा झटका पुढे-मागे बसतो, आणि तो सावरायची जी सवय हाताला लागते ती पुढे मोडावी लागते.

जुनं बघायला जाल तेव्हा पहिली नजर सिलिंडरवर. उत्पादनाची तारीख त्यावरच असते. बहुतेक कंपन्या तिथून दहा वर्षंच वापर सांगतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विकणारा ‘चालतंय की अजून’ म्हणाला, तरी नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून कापून घ्या. मग २०० बार दाबापर्यंत हवा भरा. भरताना हवा तापते आणि थंड झाली की काटा थोडा उतरतो, म्हणून अर्धा तास थांबून आकडा लिहून ठेवा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत बघा. काटा आणखी खाली आला असेल तर कुठला तरी सील गेला आहे. सील स्वस्त असतो, पण तो बदलून देणारा माणूस पुण्या-मुंबईकडे शोधावा लागतो, आणि कुरिअरमध्ये पंधरा दिवस जातात.

नंतर हात टेबलावर टेकवून १० मीटरवरून पाच छर्रे मारा. निशाण्यावरचं दहा गुणांचं कडं ११.५ मि.मी. व्यासाचं असतं. टेकवून मारलेले पाचही त्यात बसले पाहिजेत. दोन बाहेर गेले तर आधी दुसऱ्या डब्यातले छर्रे घालून बघा, मगच नळीला दोष द्या. शेवटी ट्रिगर. नियमाप्रमाणे तो कमीत कमी ५०० ग्रॅम ओढीचा हवा. पिस्तूल कॉक करून, नळी सरळ वर ठेवून, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. सुटला तर नापास. म्हणून घरी ५१० ते ५२० वर लावून ठेवा. काठावर लावलेला ट्रिगर ऐन स्पर्धेच्या तपासणीत सुटतो.

एवढं सगळं ठीक निघालं, पण ग्रिप बसत नसेल तर सौदा मोडा, नाहीतर नवी ग्रिप धरून हिशेब करा. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, आणि डावी-उजवी वेगळी. तपासायची पद्धत अशी: मुलीने पिस्तूल नीट हातात बसवावं, डोळे मिटावे, हात निशाण्याच्या उंचीपर्यंत उचलावा आणि मग डोळे उघडावे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी ती डावीकडे किंवा उजवीकडेच दिसत असेल तर ग्रिपचा कोन तिच्या मनगटाचा नाही. मनगट वळवून ती साइट जुळवेल खरी, पण चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर मनगट आपल्या जागी परत जातं. त्यामुळे शेवटच्या दोन सिरीज (दहा-दहा छर्ऱ्यांच्या) एका बाजूला जातात आणि घरचे म्हणतात, मुलगी दमते. दुसरं बघायचं ते बोट. ट्रिगरचं बोट ग्रिपच्या लाकडाला कुठेही टेकू नये, फक्त पहिल्या पेराचा मांसल भाग पात्यावर यावा. बोट लाकडाला घासत असेल तर तिथलं लाकूड कानशीने उतरवा. एकदम नाही, पॉलिश पेपरची जाडी जाईल इतकंच, मग पन्नास छर्रे, मग परत. जिथे तळव्याखाली पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरा. तळहाताखालची फळी वर सरकवून हात गच्च आवळून टाकायचा मोह होतो. पण बोटं बधिर झाली की ट्रिगर कळत नाही.

वजनाचंही बघा. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण या वयाच्या खांद्याला ९००-९५० पुष्कळ झालं. नळीखालची जादा वजनं काढून ठेवा, दोन वर्षांनी लागतील.

छर्रे चपट्या तोंडाचेच, कारण ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला ६० म्हटले तरी महिन्याला पावणेआठशे होतात, म्हणजे ५०० चा दीड डबा. सरावाचे स्वस्त घ्या, पण डबा आपटू देऊ नका. मागची कडा चेपली की छर्रा भरकटतो. शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा-पोळी नाही. हवा क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून भरून घ्या. हातपंप स्वस्त दिसतो, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची ओली हवा पंपातून थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आत पाणी धरतं. पंप घ्यायचाच असेल तर ओल टिपणाऱ्या फिल्टरसकट घ्या.

प्रश्न : व्यापारामुळे रोख घेऊन फिरावं लागतं. .३२ चं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. निर्भीक किंवा प्रबळ रिव्हॉल्व्हर, की अशनी पिस्तूल? कमी खर्चात काय बसेल? — एक व्यापारी, निपाणी

उत्तर : परवाना हातात नसताना दुकानात जाऊन किमती विचारण्यात अर्थ नाही. वय २१ पूर्ण हवं. ए-१ नमुन्यातला अर्ज, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, घरी हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, एवढं जोडलं की पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि फाइल डीसी ऑफिसकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. ‘रोख नेतो’ एवढ्यावर अधिकारी समाधानी होत नाहीत. धमकी, लूट, तक्रार यांचा कागद असेल तर जोडा. परवाना २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी मिळतो, आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात.

खासगी माणसाला ९ मि.मी., .३८, .४५ ही बोअर मिळत नाहीत, ती निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. परदेशी मालाची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आज लाखांत भाव आहे. वस्तू चांगली असते म्हणून नव्हे, दुसरी येत नाही म्हणून. कमी खर्चात बसवायचं तर त्या वाटेला जाऊच नका.

राहिलं देशी. निर्भीक २०१४ साली आलं, सहा गोळ्यांचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं. हलकं आहे हा गुण, आणि हलकं म्हणूनच हाताला झटका जास्त. प्रबळ २०२३ चं, सुमारे ७०० ग्रॅमचं, नळी ७६ मि.मी., आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चक्र, बाजूला उघडतं. निर्भीक मधून मोडून उघडावं लागतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला, वर्षातून दोनदाच हाताळणार असाल तर विशेषतः, बाजूला उघडणारं सोपं: गोळ्या भरल्या आहेत की नाहीत ते एका नजरेत कळतं. अशनीसारख्या पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते. घरातले अपघात अशा विसरण्यातून होतात.

गोळ्या घेताना एक घोळ हमखास होतो. रिव्हॉल्व्हर .३२ आणि पिस्तूलही .३२, पण गोळी वेगळी. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, बुडाला कडेची. पिस्तुलाला ७.६५ मि.मी., म्हणजे .३२ एसीपी. नुसतं ‘बत्तीसच्या द्या’ म्हणू नका, परवाना आणि हत्यार दोन्ही दाखवून घ्या. किती घेता येतात ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

तुमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाने परवान्यातला आणखी एक रकाना वाचलाच पाहिजे: तो कुठल्या हद्दीत चालतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, रोजचं जाणं-येणं. पण परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर कोगनोळी नाका ओलांडला की खिशातलं हत्यार बेकायदेशीर. शिनोळीलाही तेच, गोव्याच्या वाटेलाही तेच. निवडणुका लागल्या की हत्यार ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायला सांगितलं जाऊ शकतं, त्याची पावती जपा.

आमचं मत विचाराल तर, रोख रक्कम हेच कारण असेल तर ती रक्कम कमी करणं लाख-सव्वा लाखाच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वस्त पडतं. आणि ‘वीस हजारांत मिळतंय’ असं कुणी सांगत असेल तर ते गावठी. त्याची नळी साध्या पाइपची असते आणि ती मारणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. शिवाय विनापरवाना बाळगल्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं.

प्रश्न : जंगलालगत भातशेती आहे. रानडुकरं रात्रीत वाफे उलथून टाकतात. पिस्तूल किंवा जोरदार एअर पिस्तूल उपयोगी पडेल का? — एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : दोन्ही नाही. एअर पिस्तुलाचा छर्रा डुकराच्या कातडीत अडकतो, जनावर मरत नाही, बिथरतं, आणि बिथरलेलं डुक्कर माणसावर येतं. पीक-राखणीसाठी कायद्यात सोय आहे ती नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीची, ठासणीची. वीस इंचांहून लांब नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी मिळू शकते. पिस्तूल या कारणासाठी मागितलंत तर अर्ज तिथेच थांबेल.

खानापूर तालुक्यात आणखी एक गाठ आहे, भीमगड अभयारण्याची. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. हेमाडग्याच्या बाजूचे अर्ज ‘अडकले’ म्हणतात त्यामागे हे असू शकतं. अर्ज देतानाच शेताचं अंतर नकाशावर मोजून जोडा. परवाना मिळाला तरी तो हत्यार बाळगण्याचा, डुक्कर मारण्याचा नव्हे. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तोवर नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. फोटो त्याच दिवशी काढा, पावसाने खुणा जातात.

प्रश्न : पावसाळ्यात रेंजवर जाणं होत नाही. घर लहान, १० मीटर जागा नाही. सराव कसा ठेवावा? — शहापूर, बेळगाव

उत्तर : छर्ऱ्याशिवाय. ड्राय फायरला, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायच्या सरावाला, जागा लागत नाही, एक कोरी पांढरी भिंत लागते. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या, लिव्हर उघडा, नळीतून केशरी सेफ्टी दोरी आरपार घालून काढा, मगच सुरू करा. भिंतीवर काळा ठिपका काढू नका. ठिपका असला की डोळा तिकडे धावतो, आणि बघायची असते ती पुढची साइट: तिची वरची कड धारदार, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. ट्रिगर सुटतानाच्या क्षणी ती कड कुठे गेली तेवढंच बघा. उजव्या हाताच्या माणसाची खाली डावीकडे गेली तर बोट झटकतं आहे, किंवा चारही बोटं एकदम आवळली जात आहेत. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या. ओढून सोडलेला छर्रा वायाच जातो. चाळीस-पन्नास उचलण्या पुरेत, त्यापुढे हात चुकाच शिकतो.

ड्राय फायरची सोय नसलेलं पिस्तूल असेल तर रिकामं सोडत राहू नका, सील खराब होतात. आणि पेटीतला फोम पावसात ओला राहतो, तो गंजाचा घरमालक. रेंजवरून आलात की पिस्तूल तासभर बाहेर ठेवा, फोम उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला तव्यावर मंद गरम करून परत घाला. अक्रोडाची ग्रिप फुगून स्क्रू घट्ट झाला तर जोर लावू नका, दोन दिवस कोरडी ठेवली की सैल होतो.

प्रश्न : ऑनलाइन सात-आठ हजारांत गॅसवर चालणारं, खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल मिळतं. त्यावर सुरुवात केली तर? — सदलगा

उत्तर : ते गोल लोखंडी गोळ्या मारतं, स्पर्धेत चालत नाही, आणि गॅसची छोटी कुपी थंडीत जोर सोडते, म्हणून सकाळचा निशाणा आणि दुपारचा निशाणा वेगळा. वर ते खऱ्यासारखं दिसतं, त्यामुळे बाजारात खिशातून डोकावलं तरी ठाण्यात बसावं लागेल. तेवढ्या पैशांत वर्षाची क्लब-फी भरा आणि त्यांचंच जुनं पिस्तूल वापरा.