सोव्हिएत टीयू-१४४ हे सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, प्रवासी विमान ब्रिटन-फ्रान्सच्या तशाच कॉन्कॉर्डच्या आधी उडालं, मग टिकलं का नाही?

कारण ते प्रवाशांसाठी कमी आणि प्रतिष्ठेसाठी जास्त बांधलं होतं. माझ्या मते सगळी गोम तारखेतच आहे. पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९६८ ला, म्हणजे वर्ष संपायला काही तास उरले असताना! कॉन्कॉर्ड उडालं २ मार्च १९६९ ला. दोन महिन्यांची आघाडी मिळाली, पण विमान कच्चंच राहिलं. १९७३ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात ते हजारो लोकांसमोर कोसळलं. विमानातले सहा आणि जमिनीवरचे आठ जण गेले. पुढे मॉस्को ते अल्मा-अता (कझाकस्तानातलं शहर) अशी प्रवासी सेवा नोव्हेंबर १९७७ मध्ये सुरू झाली आणि ५५ फेऱ्यांतच आटोपली. आत आवाज इतका की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे.

पण राजकारण फक्त मॉस्कोतच होतं असं नाही. ब्रिटन-फ्रान्सचा १९६२ चा कॉन्कॉर्ड करार हा आंतरराष्ट्रीय तह होता आणि त्यात बाहेर पडायची वाटच ठेवली नव्हती. ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरायचं होतं, फ्रान्सची मर्जी हवी होती. १९६४ मध्ये नव्या ब्रिटिश सरकारला खर्च बघून प्रकल्प गुंडाळायचा होता, पण हात बांधलेले! अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६३ मध्ये स्वतःच्या सुपरसॉनिक विमानाची घोषणा केली, पण १९७१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, निधी तोडला आणि बोइंगचं विमान कागदावरून आकाशात गेलंच नाही. थांबायचं धाडस तिथे संसदेने दाखवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.