आईचे पैसे आधी आईवर

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ५४ वर्षांची. पुण्यात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव. भाऊ कॅनडात असतो.

आई ८१ वर्षांची आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे. एकदा रात्री दोन वाजता ती साडी नेसून, डबा भरून, "शाळेला उशीर होतोय" म्हणत जिना उतरली. वॉचमनने परत आणलं. त्यानंतर आम्ही तिला एका केअर होममध्ये ठेवलं. त्याला आता १४ महिने झाले. फी ३८,०००. डायपर, औषधं, फिजिओ धरून महिना ४८,००० लागतात. तिचं फॅमिली पेन्शन २३,५०० येतं. वरचे मी घालते. साडेतीन लाखांच्या आसपास झाले, शिवाय सुरुवातीची अनामत एक लाख. पीएफमधून उचल घ्यावी लागली. आईच्या नावावर बाबांनी ठेवलेली १२ लाखांची एफडी आहे, पण तिला मी हात लावलेला नाही. ती आईच्या म्हातारपणासाठी आहे.

फ्लॅट बंद आहे. भावाने आता हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. म्हणतो, "तू आणि आई सह्या करा, नॉमिनी मीच आहे, मला फ्लॅट विकता येईल, मग आईचं सगळं मी बघतो." तो वाईट नाही हो. दर रविवारी फोन करतो. पण मी किती घालते ते त्याला मी सांगितलेलं नाही. आपल्याच आईचं बिल भावाला कसं पाठवायचं? फ्लॅट त्याचाच का? सही करू का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "ती आईच्या म्हातारपणासाठी आहे." अहो, आई ८१ वर्षांची आहे. बाबांनी ज्या दिवसासाठी ते पैसे ठेवले, तो दिवस १४ महिन्यांपूर्वीच उजाडला.

राष्ट्रीयीकृत बँकेत माझी ३३ वर्षं गेली. काउंटरच्या पलीकडे तुमच्यासारख्या मुली मी खूप पाहिल्या, आणि मुलगेही. स्वतःचा पीएफ मोडतील, सोनं गहाण टाकतील, पण "आईची एफडी" तशीच ठेवतील. त्यांना वाटतं, आपण आईचे पैसे वाचवतोय. खरं तर वाचत असतो तो वारसा. तुम्ही आज स्वतःच्या निवृत्तीचे पैसे घालून जी रक्कम शाबूत ठेवताय, ती उद्या तुमच्यात आणि भावात वाटली जाणार आहे. त्यालाही हे माहीत नाही, कारण तुम्ही सांगितलेलं नाही.

म्हणून सुरुवात फ्लॅटपासून करू नका. आईपासून करा. तिचं स्वतःचं काय काय आहे?

पेन्शन. वडील संरक्षण खात्यातले, म्हणजे केंद्र सरकारचं फॅमिली पेन्शन. त्यात वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०. आईंची ८० होऊन वर्ष उलटलं आणि तुम्ही सांगितलेल्या आकड्यात वाढीचा उल्लेख नाही. मला दाट शंका आहे की पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओवर, आईंची जन्मतारीखच नाही. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची नसते. नवऱ्याची सगळी नोंद असते आणि बायकोचं नुसतं नाव. तारीख नसली की वाढ आपोआप लागत नाही आणि कुणी घरी येऊन सांगतही नाही. पीपीओ काढून बघा. तारीख नसेल तर पॅनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र जोडून अर्ज करा. संरक्षण खात्याच्या पेन्शनचं काम प्रयागराजच्या लेखा कार्यालयाकडून होतं आणि आता बहुतेक खाती 'स्पर्श' या प्रणालीवर आहेत. मूळ पेन्शन १५,००० च्या आसपास असेल तर महागाई मदतीसकट महिन्याला ४,७०० च्या घरात फरक पडेल. शिवाय ८० पूर्ण झाल्या महिन्यापासूनची थकबाकी. पीएफची उचल त्यातून पूर्ण फिटणार नाही, पण बराच श्वास मिळेल.

एफडी. बाबांनी ठेवलेली म्हणजे बहुधा व्याज मुद्दलात मिळवत जाणारी. मुदत कधी संपते ते पाहा आणि नूतनीकरणाच्या वेळी दरमहा व्याज खात्यात येईल अशी करून घ्या. सात टक्के धरले तर १२ लाखांचे वर्षाला ८४,०००, महिन्याला ७,०००. यासाठी आईंची सही किंवा अंगठा लागेल, आणि इथे एक गोष्ट स्पष्ट विचारते. आईंचं एटीएम कार्ड तुमच्या पर्समध्ये आहे ना? बहुतेकांच्या असतं. पैसे आईंवरच खर्च होतात, मान्य. तरीही उद्या भावाने किंवा वहिनींनी विचारलं तर दाखवायला तुमच्याकडे काही नाही. ७० वर्षांवरच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. अंगठा घेताना दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हाताचा उमटत नसेल तर पायाचा अंगठाही चालतो. मी स्वतः एका आजोबांचा घेतलाय, ससूनच्या वॉर्डात, शाईचं पॅड गुडघ्यावर धरून. शाखेत लेखी अर्ज द्या आणि अधिकाऱ्याला सकाळी बोलवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाची सकाळ बहुधा त्यातल्या त्यात बरी असते. आईंची कोणती वेळ बरी, ते केअर होममधल्या मावशींना विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा आणि डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं.

आता फ्लॅट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सदस्य करून घेते, वारस ठरेपर्यंत. मृत्युपत्र नाही म्हणजे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा हिस्सा. आई एक तृतीयांश, तुम्ही एक तृतीयांश, भाऊ एक तृतीयांश. भावाने कॅनडातून पाठवलेल्या मसुद्यात "नॉमिनी या नात्याने मालक" असं लिहिलेलं असेल तर ते ज्याने टंकलं त्याला परत पाठवा.

हक्कसोडपत्रावर सही करू नका. भाऊ फसवतोय असं मी म्हणत नाही. तुमचं वर्णन वाचून तर वाटतं, त्याला सगळं एका फटक्यात निस्तरून मोकळं व्हायचंय, दूर राहणाऱ्यांना तसं वाटतंच. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही, आणि "मग मी आईचं बघतो" हे वाक्य त्या कागदात कुठेच नसतं. आईंचा हिस्सा तर मुळीच सोडायचा नाही. तो तिच्या फीचा शेवटचा आधार आहे.

आईंच्या सहीचा प्रश्न याहून नाजूक. कुणीतरी सुचवेल की आईकडून कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) करून घे म्हणजे झालं. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा की आईंना आज एखादा व्यवहार समजावून सांगितला तर समजतो का. समजत असेल तर तसा दाखला घ्या. दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक आजारी माणसासाठी जागेवर येऊ शकतात, वकिलामार्फत तसा अर्ज करता येतो. समजत नसेल तर मात्र कुणाच्याही सांगण्यावरून अंगठा उमटवू नका. अशा वेळी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. वेळ आणि वकिलाची फी दोन्ही जातात, पण मार्ग तोच.

विकावं का? आत्ता नाही. बंद फ्लॅट मेंटेनन्स आणि घरपट्टी खातोय, तो आधी भाड्याने द्या. भाडं २६,००० धरा. त्यातून मेंटेनन्स, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की घेतात ते; सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, कमिटी काहीही म्हणो), किरकोळ दुरुस्त्या जातील. महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के घरपट्टी सवलतही जाईल. हातात २१,००० राहतील. करार नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचाच करा. भावाने तिथे नोटरी आणि ॲपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून तुमच्या नावाने मुखत्यारपत्र पाठवावं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, हे लोक हमखास विसरतात. भाऊ अनिवासी, त्यामुळे त्याच्या हिश्शाच्या भाड्यावर भाडेकरूला कर कापावा लागेल. सीएकडे एकदा जाऊन या.

आता हे आकडे एका ओळीत मांडते. पेन्शन २३,५००, वाढ ४,७००, व्याज ७,०००, भाड्यातला आईंचा तिसरा हिस्सा ७,०००. एकूण ४२,२००. खर्च ४८,०००. कमी पडतात ५,८००. दोघांत २,९००. एवढ्यासाठी तुम्ही १४ महिने एकट्याने पीएफ पोखरताय! आणि तुम्ही दोघांनी आपापल्या हिश्शाचं भाडंही आईंच्याच खात्यात राहू दिलंत तर महिन्याला ८,२०० उरतात. ते लागतीलच. फी दरवर्षी वाढते आणि आजार काही कमी होणारा नाही.

केअर होमचा करार काढून वाचा. माझ्या सासूबाई साडेतीन वर्षं अशाच एका ठिकाणी होत्या. चांगलं होतं, तक्रार माणसांची नाही. पण एकदा त्या १९ दिवस हॉस्पिटलात होत्या, तरी बिल पूर्ण महिन्याचं आलं, जेवणासकट. त्या गेल्यावर अनामतीतून खोलीच्या रंगकामाचे पैसे कापले. करारात दोन्ही होतं. मी, बँकेत लोकांना "सही करण्याआधी वाचा" सांगणारी बाई, सही करताना वाचलं नव्हतं. तेव्हा विचारा: अनामत परत मिळते का आणि कोणाच्या नावाने? पावती तुमच्या नावाची हवी, पैसे तुम्ही भरलेत. हॉस्पिटलात असताना किती आकारणार? फीवाढ किती, किती दिवस आधी कळवून? रात्री वेगळी मावशी लागली तर ती कोणाच्या खर्चाने? औषधांची बिलं मूळ मागून घ्या. आईंचा आरोग्यविमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर तुम्ही रोख न देता केलेल्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते. केअर होमची राहण्याजेवणाची फी त्यात धरता येत नाही.

घातलेले साडेचार लाख परत मागायचे का? मागा. पण एफडीतून गुपचूप उचलू नका. भावाला आकडा कळू द्या, त्याची ईमेलवर संमती घ्या, मग घ्या. नाही तर फ्लॅट विकला जाईल तेव्हा तुमच्या हिश्शात ते आधी मिळवायचे, असं लिहून ठेवा. भाऊ तिकडून पैसे पाठवील, पण दर आठवड्याला कोथरूडहून रिक्षाने जाऊन आईची नखं कापणं त्याला जमणार नाही. रिक्षाचं भाडं लिहा. नखं कापण्याचं लिहू नका.

कायद्याचं विचाराल तर मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्जही करता येतो. पण तिथे मिळणारी रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,०००, आणि तुमच्या भावाने अजून नाही म्हटलेलंच नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

तुम्हाला बिल पाठवायचं जिवावर येतं, म्हणून मी एक चिठ्ठी लिहून देते. शब्द हवे तसे बदला.

"दादा, आईच्या खर्चाचा १४ महिन्यांचा हिशेब सोबत आहे. पेन्शनपेक्षा जास्त झालेले मी घातले, ते तुला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही ही माझी चूक. आता आईची एफडी, पेन्शनमधली वाढ आणि फ्लॅटचं भाडं आधी तिच्यावर खर्च करायचं आणि उरलेलं आपण दोघांनी अर्धं अर्धं द्यायचं, असं ठरवूया. हक्कसोडपत्रावर मी आणि आई आत्ता सही करणार नाही. फ्लॅटचं काय करायचं ते आई असेपर्यंत तिच्या फीच्या हिशेबाने ठरवू."

हिशेबाचा तक्ता जोडा, बिलांचे फोटो जोडा. रविवारच्या फोनवर हे बोलायला जाऊ नका, दोघंही रडाल आणि आकडे राहून जातील. चिठ्ठी शुक्रवारीच पाठवा, म्हणजे रविवारी तो फोन करेल तेव्हा त्याने ती वाचलेली असेल.