लेबलचा फॉन्ट आधी कागदावर बघ

प्लेफेअर डिस्प्ले हा इंग्रजी फॉन्ट पडद्यावर देखणा दिसतो, पण त्याच्या जाड-बारीक रेषांत फार फरक आहे. खाकी क्राफ्ट कागदावर बारीक रेघ टिकत नाही. माझ्या उटण्याच्या पहिल्या लेबलांवर छोट्या इंग्रजी 'ई'ची आडवी रेघ उडाली आणि तो सरळ 'सी' वाचला जायला लागला. सगळा गठ्ठा वाया गेला, अजून हळहळ वाटते. तेव्हा प्लेफेअर फक्त मोठ्या नावाला ठेव. घटक, वजन, तारीख यांना लिब्र बास्करव्हिल घे; त्याची छोटी अक्षरं उंच, पोटं (अक्षराच्या आतली पोकळी) मोकळी.

मराठीचं मात्र वेगळं बघायला हवं. या दोन्ही फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे संगणक मनाने दुसरा कुठला तरी फॉन्ट लावतो. तिरो देवनागरी मराठी वापरून बघ. 'लसूण शेंगदाणा चटणी' लिही आणि ल, श नीट न्याहाळ, आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल बरणीवर मला खटकतोच. तिरोमध्ये ठळक प्रकार नाही, म्हणून बोल्डचं बटण दाबू नकोस. अक्षरं नुसती फुगतात. ठसठशीत हवं तर आकार वाढव.

हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याचे आहेत, विक्रीच्या मालावर बिनधास्त चालतात. इतर ठिकाणचे 'मोफत' फॉन्ट पुष्कळदा फक्त वैयक्तिक वापराचे असतात, परवाना वाचूनच घे.

छपाईला देण्याआधी खऱ्या मापाची एक प्रत काढ, बरणीला चिकटव आणि घरातल्या चष्मेवाल्या माणसाला हातभर लांबून वाचायला सांग.