अंदाज थोडक्यात चुकतो, भाकीत थोडक्यात खोटं ठरत नाही

डोंबिवलीच्या एका वाचकबाईंचा प्रश्न आहे : 'अमेरिकेतल्या हरिकेनच्या बातम्यांत कधी "हवामान खात्याचं भाकीत" असं येतं, कधी "अंदाज". या दोन्हींत फरक आहे का? आणि हरिकेनला मराठीत काय म्हणावं, तुफान की चक्रीवादळ?'

फरक आहे, आणि बातम्या वाचणारी मंडळी तो रोज पायदळी तुडवतात. करुणा भाकतो ना, त्यातलंच भाकीत. तोंडातून निघालेला शब्द फळतो तरी किंवा खोटा ठरतो, अधलंमधलं काही नाही. 'अंदाज थोडक्यात चुकला' असं कुणीही सहज म्हणेल. 'भाकीत थोडक्यात खोटं ठरलं' असं म्हणून बघा, जीभ अडखळते. अंदाजाच्या चुकीला लांबी असते, ती मोजता येते आणि म्हणून कमीही करता येते. सगळी गोम यातच आहे.

ही लांबी आली कुठून? फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, टाकणं, आणि त्याचंच रूप 'अंदाज'. तीर फेकणारा तो तिरंदाज. गोळा फेकणारा तो गोलंदाज, म्हणजे मुळात तोफ डागणारा. शिवाजी पार्कवर चेंडू टाकणारा पोरगा त्याचा फार पुढचा वारस. बर्क म्हणजे वीज, म्हणून बंदूकधारी शिपाई झाला बरकंदाज, वीज फेकणारा. फेकण्याआधी अंतर ताडावं लागतं. किती उंच धरू, वारा कुठला, गोळा कुठे पडेल? माझ्या मते फेकण्याचा अर्थ ताडण्याकडे सरकला तो इथेच. पहिला गोळा अलीकडे पडला की गोलंदाज तोफेचं तोंड जरा वर करतो. पहिला गोळा खोटा होता असं कुणी म्हणत नाही.

आता 'वेधशाळा' घ्या. 'वेध' संस्कृत व्यध् धातूचा, अर्थ टोचणं, भेदणं. बाणाने लक्ष्य वेधतात, कर्णवेधात कान टोचतात. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी आहे. 'वेधशाळेचा अंदाज' म्हणताना आपण एक संस्कृत आणि एक फारसी शब्द शेजारी बसवतो आणि दोघांच्याही हातात धनुष्य असतं! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ग्रहणाचे वेधही आठवा. ग्रहण लागण्याआधी काही तास वेध लागतात, तेव्हापासून खाणंपिणं बंद. वादळाच्या इशाऱ्याचं मोल असल्याच आधीच्या तासांत असतं.

'अंदाज' परका म्हणून त्याच्या जागी 'पूर्वानुमान' लिहा, असा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझं उभं भांडण आहे. त्यांनी न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, उघडून बघावं. दाटलेल्या ढगांवरून पाऊस येणार हे जाणणं, हे तिथे 'पूर्ववत्', म्हणजे कारणावरून कार्य ओळखणाऱ्या, अनुमानाचं उदाहरण म्हणून दिलेलं आहे, ते कबूल. पण अनुमान उभं राहतं व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अतूट संबंधावर. जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध कुठेही तुटला तर अनुमानच कोसळतं. त्यात दीडशे किलोमीटर इकडेतिकडे व्हायला जागा नाही. वादळाचं शास्त्र तर याच जागेवर चालतं. अमेरिकेचं हरिकेन केंद्र नकाशावर पुढे रुंदावत जाणारा शंकू काढतं. वादळाचं केंद्र साधारण तीनांपैकी दोन वेळा त्या शंकूत राहील, असा त्याचा अर्थ. तीन दिवस आधी सांगितलेल्या जागेतली सरासरी चूक १९९० च्या सुमाराच्या तुलनेत आज निम्म्याहूनही खाली आली आहे. अशा गोष्टीला 'अनुमान' म्हणणं म्हणजे त्या माणसांची तीस वर्षांची मेहनत शब्दातच पुसून टाकणं.

माझा खरा संताप आहे तो ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ. आमच्या माहीमच्या इमारतीत काचांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्या होत्या. संध्याकाळी वारा ओसरला आणि जिन्यात शेजारी म्हणाले, 'हवामान खात्याचं सगळं अंदाजपंचे!' खात्याने हरिहरेश्वर ते दमणदरम्यान, अलिबागजवळ, असं सांगितलं होतं आणि वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तीर लागला होता, फक्त तो आमच्या घराला लागला नव्हता. त्याच दुपारी श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. कितीही चांगला अंदाज झाड वाचवू शकत नाही. माणूस, होडी आणि विहिरीवरचा पंप मात्र वाचवतो.

शेजाऱ्यांच्या त्या शब्दाबद्दलही सांगतो. पूर्ण म्हण 'अंदाजपंचे दाहोदरसे'. दाहोदरसे म्हणजे दशोत्तर शत, एकशे दहा. पाढा 'बावीस पंचे दाहोदरसे' असा आहे. बावीस आठवेना म्हणून पोराने तिथे 'अंदाज' ठोकून दिला, ही व्युत्पत्ती मला पूर्ण पटते. तिथेसुद्धा उत्तर बरोबरच आलं आहे!

आता पैशांचं. अमेरिकेत २००५ मधल्या हरिकेन कतरिनाने सुमारे १२५ अब्ज डॉलरचं नुकसान केलं. २०२४ च्या एका अमेरिकी अर्थशास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की २००७ पासून अंदाज जे सुधारले, त्यामुळे एकेका मोठ्या हरिकेनचा एकूण खर्च १९ टक्क्यांनी, म्हणजे सरासरी ५ अब्ज डॉलरनी कमी झाला. वारा कमी सांगितला गेला तर लोक तयारी कमी करतात आणि मागाहून डागडुजीवर जास्त पैसा ओततात, हेही त्यात दिसलं. आपल्याकडे ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलीन चक्रीवादळाच्या आधी सुमारे दहा लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

महापालिकेच्या जमाखर्चाच्या कागदालाही आपण 'अंदाजपत्रक'च म्हणतो. त्यात 'सुधारित अंदाज' असा रकाना असतो आणि तो बघून कुणी नाक मुरडत नाही. वादळ जवळ आलं की हवामान खातं दर तीन तासांनी अंदाज सुधारतं, तेव्हा मात्र 'यांचं काही खरं नाही' हे ऐकावं लागतं. शब्द एकच असताना एकाला मान आणि दुसऱ्याला हेटाळणी का?

हरिकेनचं राहिलंच. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, स्पॅनिशांनी जगभर नेला. वस्तू एकच आहे, अटलांटिकात हरिकेन, पश्चिम प्रशांत महासागरात टायफून आणि आपल्याकडे चक्रीवादळ. 'तुफान' मराठीत आता गर्दीला आणि विनोदाला लागतं, बातमीपत्रात ते नको. 'हरिकेन कतरिना' लिहा किंवा 'कतरिना चक्रीवादळ' लिहा. 'हरिकेन चक्रीवादळ कतरिना' हे मी गेल्या आठवड्यात दोनदा ऐकलं, ते बंद करा.